फोन जोडणारे हात अनेक, पण वही एकच



फोरजी मोबाईलवर आपण बोलतो, तेव्हा आपला आवाज छोट्या छोट्या तुकड्यांत, इंटरनेटच्याच पद्धतीने जातो. भारतात २०१६ साली जिओने आपले सगळे कॉल याच पद्धतीने सुरू केले. हे कॉल जोडण्याच्या नियमांना 'सिप' म्हणतात. त्यांचा आज चालणारा मसुदा २००२ साली आला.

नंबर लावला की फोन आधी एका सर्व्हरला विचारतो, "या नंबरचा फोन आत्ता कुठे आहे?" या मधल्या सर्व्हरला 'प्रॉक्सी' म्हणतात. तो पत्ता शोधतो, समोर रिंग वाजवतो. नंतरचं बोलणं सहसा वेगळ्या वाटेने जातं. त्यामुळे एक प्रॉक्सी बरेच कॉल सांभाळू शकतो. पण दिवाळीला किंवा पुराच्या वेळी लाखो फोन एकदम आले तर? तो अडकतो. आणि प्रॉक्सी एकच असला, तर तो बंद पडला की सगळ्यांचेच फोन बंद!

म्हणून कंपन्या अनेक प्रॉक्सी ठेवतात आणि कॉल त्यांच्यात वाटतात. पण नुसते सर्व्हर वाढवून भागत नाही. तीन गोष्टी लागतात :

१. सामाईक वही : कुणाचा फोन कुठे नोंदला आहे, हे प्रत्येक प्रॉक्सीला बघता आलं पाहिजे. नाहीतर तुमची नोंद एकाकडे आणि कॉल आला दुसऱ्याकडे, असं होतं. वहीची दुसरी प्रतही हवी.

२. एका कॉलचं काम एकाकडे : रिंग, उचलणं, ठेवणं हे सगळे निरोप त्याच प्रॉक्सीकडे किंवा त्या कॉलची माहिती असलेल्याकडे गेले पाहिजेत.

३. सतत चौकशी : कोण चालू, कोण बंद, हे तपासत राहायचं. बंद असलेल्याकडे कॉल पाठवायचा नाही.

आता आपल्या कामाचं. गर्दीच्या वेळी फोन लागला नाही, तर लगेच पुन्हा पुन्हा लावू नका, त्याने गर्दी आणखी वाढते. थोडं थांबा किंवा मेसेज करा. जिवावरचा प्रसंग असेल, तर मात्र ११२ लावायला अजिबात थांबू नका.

गटातही तसंच आहे ना? सगळा हिशोब एकट्या सचिवताईंनाच माहीत असेल, तर त्या आजारी पडल्या की बैठक अडते. वही सामाईक ठेवा, आणि ती बघायला किमान तिघींना शिकवा.