वहिनींचे अल्बम आणि फुकटातली हत्यारं

आमच्या रायपूरच्या महाराष्ट्र मंडळात भेटणाऱ्या एका वहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, यांच्या तिकिटांचे आठ अल्बम आहेत. एक जण सगळ्याचे मिळून पाच हजार देतोय. देऊन टाकू?" 'हे' म्हणजे माझा फौजेतला जुना सोबती. दोन वर्षांपूर्वी गेला. अल्बम उघडला, तर १९५३ साली कोरियाला गेलेल्या आपल्या सैन्यासाठी वेगळा मजकूर छापलेली तिकिटं समोर! म्हटलं, थांबा. एकेक लॉट करून लिलावात टाकू.

ईबेचं भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झालं, पण इथला विक्रेता ईबेवर परदेशी ग्राहकाला विकू शकतो. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. फक्त 'फुकट' शब्द नीट वाचा. इरफानव्ह्यू घरगुती वापराला फुकट आहे. धंद्यासाठी परवाना विकत घ्यावा लागतो. गिंप, लिब्रेऑफिस आणि नॅप्स-टू ही मुक्त सॉफ्टवेअरं. ती विक्रीसाठी खुशाल वापरा.

नॅप्स-टू स्कॅनिंगसाठी. तिकिटामागे काळा कागद ठेवा, म्हणजे कडेचे दाते स्पष्ट दिसतात. ६०० डीपीआयवर दोन्ही बाजू घ्या. मागची बाजू टाळणारा विक्रेता काहीतरी लपवतोय, असंच जाणकार धरतो.

मग गिंप. इथे माझी फजिती सांगतो. सुरुवातीला मी 'लेव्हल्स'ची कळ सरकवून चित्र पांढरंशुभ्र केलं. तिकिटावरचे पिवळे डागही त्यात गायब! ग्राहकानं पाकीट परत पाठवलं. पैसे गेले, दोन्हीकडचं टपाल माझ्या अंगावर, वर प्रतिकूल शेरा. त्याचं काही चुकलं नव्हतं. आता मी चित्र सरळ करतो, कडा कापतो, बस्स.

मोबाईलनं फोटो काढलात तर आणखी एक. लोकेशन चालू असेल तर फोटोच्या आत तुमच्या घराचे अक्षांश-रेखांश बसलेले असतात. मौल्यवान संग्रह घरात आणि पत्ता फोटोत! गिंपमधून एक्स्पोर्ट करताना एक्झिफ माहितीची खूण काढून टाका. फौजी माणसाला हे सांगावं लागू नये, पण मलाही हे उशिराच कळलं.

हिशेबाला लिब्रेऑफिस कॅल्क. वहिनींना तो मराठी मेनूंसह लावून दिला. रकाने थोडेच: लॉट, बोली, टपाल, पॅकिंग, शुल्क, उरले. लोक शुल्कात फसतात. समजा बोली ४०० वर थांबली आणि टपालाचे ३०० ग्राहकाकडून घेतले, तर शुल्क ७०० वर मोजलं जातं, ४०० वर नाही. शेवटच्या रकान्यात उणे चिन्ह दिसलं की सुरुवातीची बोली वाढवायची, नाहीतर दोन लॉट एकत्र करायचे.

अल्बममध्ये पहिल्या महायुद्धातली काही सैनिकी पाकिटं निघाली. ती मी बाजूला काढली. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते, आणि अशी वस्तू आपल्याला परदेशी पाठवता येत नाही. ती देशातच विकायची.

सहा अल्बमांची यादी झाली आहे. पहिले लॉट या आठवड्यात चढतील. कोरियाचं पान मात्र वहिनींनी काढून स्वतःकडे ठेवलंय. यादीत त्या ओळीसमोर किंमत नाही.