तिरपा गतिरोधक आणि बोटभर जाडीचा लिंक रॉड

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरकडे निघालेला ठेंगण्या स्पोर्ट्स कारचा चालक गतिरोधक दिसला की गाडी तिरपी घालतो. त्यामुळे गाडीचं पोट घासत नाही. पण पोटाचा भार वाचला तरी ताण चाकांजवळच्या दोन बोटभर जाडीच्या दांड्यांवर जातो. गॅरेजमध्ये त्यांना लिंक रॉड म्हणतात. एक चाक खड्ड्यात गेल्यावर ‘खट्’ असा आवाज येऊ लागला, तर जाणता मेकॅनिक आधी याच लिंक हलवून बघतो.

लिंक ज्याला जोडलेल्या असतात तो स्टॅबिलायझर बार. दोन्ही टोकांना वाकवलेला हा पोलादी दांडा गाडीखाली आडवा बसतो. त्याचा मधला भाग रबरी बुशमधून बॉडीला धरलेला असतो आणि टोकं लिंकमार्फत डाव्या-उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर बार बुशमध्ये नुसता फिरतो, लिंकला जवळजवळ काही काम नसतं. एकच चाक उचललं गेलं किंवा वळणावर गाडी एका अंगाला कलली, तर दोघांनी दोन टोकं धरून ओलं धोतर पिळावं तसा तो पिळला जातो. पिळाला विरोध करतानाच तो गाडीचा कल रोखतो. म्हणूनच तिरपा ओलांडलेला गतिरोधक लिंकला सरळ ओलांडलेल्यापेक्षा जड जातो. त्यात आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरचा रस्ता दोन्ही अंगांना सारखा राहत नाही, आणि बार सपाट वाटणाऱ्या रस्त्यावरही पिळला जात राहतो.

ही कल्पना जुनी आहे. कॅनडातल्या स्टीफन कोलमन यांनी १९१९ मध्ये अशा बारचं पेटंट घेतलं. आज नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसच्या एलएचबी डब्यांच्या बोगीतही कल रोखणारा असाच दांडा असतो. लातूरच्या रेल्वे कोच कारखान्यातून २५ डिसेंबर २०२० रोजी पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. डबे घडवणाऱ्या या शहरातल्या तरुणांना आपल्या गाडीखालचा बार परका वाटू नये.

बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. २० मिलिमीटरऐवजी २२ चा बार घातला तर तो सुमारे ४६ टक्के अधिक कडक, २४ चा घातला तर दुपटीहून थोडा अधिकच. तेवढ्याच कलाला लिंकवर येणारं बळही त्याच प्रमाणात वाढतं. जाड बार घालून मूळची सडपातळ लिंक तशीच ठेवणं मला अजिबात पटत नाही.

लांबी बदलता येणारी लिंक का हवी? स्प्रिंग बदलून गाडी खाली घेतली की बारच्या टोकांचा कोन बिघडतो. ‘गाडी खाली केली की लिंक आखूड’ हा ऐकीव नियम मात्र सरसकट खरा नाही. लिंक कुठे खालच्या आर्मला जोडलेली असते, कुठे वर स्ट्रटला, आणि त्याप्रमाणे ती कधी आखूड लागते, कधी लांबही. गाडी चाकांवर उभी असताना लिंक बारच्या टोकाशी साधारण काटकोनात यावी, आणि चाक पूर्ण वर-खाली गेलं तरी ड्राइव्हशाफ्टला, ब्रेकच्या पाइपला किंवा टायरला काही लागू नये, एवढं मोजून ठरवायचं.

खरी मेख पुढे आहे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं, आणि अशा गाडीत बहुतेकदा चालक एकटाच असतो. त्याच्या वजनानं उजवी बाजू किंचित दबते. लिंकची लांबी ठरलेलीच असेल तर गाडी जागेवर उभी असतानाही बार थोडा पिळलेला राहतो, चारही चाकांवरचा भार सरकतो, आणि गाडी डाव्या वळणावर एक वागते, उजव्या वळणावर दुसरं. उपाय सोपा आहे. सपाट जागी, टायरमध्ये नेमकी हवा भरून, सीटवर चालकाएवढं वजन ठेवायचं. एका बाजूची लिंक सोडायची आणि तिचा बोल्ट जोर न लावता भोकात सरकेल इतकी लांबी जुळवायची. एका टोकाला सुलटा आणि दुसऱ्याला उलटा आटा असेल तर मधला भाग फिरवला की लांबी जागच्या जागी बारकाईनं बदलते. दोन्ही टोकांचा आटा सारखाच आणि पुरेसा आत राहिला पाहिजे.

तरीही माझ्या मते मराठवाड्यात आधी बघायचा तो लिंकचा सांधा. रेसिंगच्या उघड्या गोलाकार बेअरिंगमध्ये खेळ जवळपास शून्य असतो, त्यामुळे बार लगेच काम करू लागतो. कोइम्बतूरला ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेत उतरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गाड्यांना ते शोभतं, कारण तिथे फेरी संपली की सांधा पुसून तपासणारे हात हजर असतात. आपल्या रस्त्यांवर त्या बेअरिंगमध्ये उन्हाळ्याची धूळ आणि पावसाळ्याचा चिखल शिरतो, आतलं टेफ्लॉनचं अस्तर झिजतं आणि खडखड सुरू होते. ग्रीस भरलेला, रबरी बूटनं झाकलेला बॉल जॉइंट किंचित मऊ वाटेल, पण इथे तोच टिकतो. दुकानात पॉलिशची चकाकी बाजूला ठेवून बूट दाबून बघा. तो सुटा मिळतो का, हेही विचारा.

बसवल्यानंतर काहीशे किलोमीटरांनी लॉकनट पुन्हा आवळून घ्या. झीज तपासताना दोन्ही चाकं एकाच उंचीवर हवीत. एकच चाक जॅकवर उचललं तर बार पिळून लिंकला ताणून धरतो. मग झिजलेला सांधाही घट्ट लागतो, आणि त्या अवस्थेत बोल्ट सोडणाऱ्याच्या हातावर बारचा फटका बसू शकतो.