दुधाच्या दाढेने राखलेली जागा

मुलाची दुधाची दाढ किडली की ‘ती पडणारच आहे, मग उपचार कशाला?’ असा विचार अनेक घरांत केला जातो. दुधाचे सर्वच दात तात्पुरते असतात, हे खरे. मात्र समोरचे पटाशीचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात, तर दुसरी दुधाची दाढ दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहते. या काळात ती केवळ चर्वणाचे काम करीत नाही. पुढील दातांसाठी जागाही राखून ठेवते.

वीस दुधाच्या दातांपैकी आठ दाढा असतात. त्या पडल्यावर तेथे उपदाढा येतात. पटाशीचे नवे दात जुन्यांपेक्षा रुंद असतात. येथे मात्र हिशेब उलटा आहे. खालची दुसरी दुधाची दाढ सुमारे १० मिलिमीटर रुंद असते, तर तिच्या जागी येणारी उपदाढ सुमारे ७ मिलिमीटर. नवा सुळा जुन्यापेक्षा रुंद असल्याने यातील काही जागा तो घेतो. तरीही प्रत्येक बाजूला खालच्या जबड्यात सरासरी १.७ आणि वरच्या जबड्यात ०.९ मिलिमीटर जागा शिल्लक राहते. अमेरिकी दंततज्ज्ञ हेज नान्स यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या या शिलकीला ‘लीवे स्पेस’ म्हणतात. समोरच्या दातांची किरकोळ दाटी सोडविण्यास ती उपयोगी पडू शकते.

सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ, कोणताही दात न पाडता, दुधाच्या दाढांमागे उगवते. दिसण्यात ती शेजारच्या दुधाच्या दाढेसारखीच असल्याने पालकांची फसगत होते. तिचा कल पुढे सरकण्याकडे असतो आणि दुधाची दाढ तिला थोपवून धरते. ही दाढ अकाली काढली, किंवा बाजूच्या किडीमुळे अरुंद झाली, तर मागची दाढ पुढे झुकते. मग उपदाढ हाडात अडकते किंवा रांगेबाहेर उगवते.

दुर्दैवाने या दाढा लवकर किडतात. त्यांचे दंतवल्क पातळ असते आणि आतील मज्जेची पोकळी तुलनेने मोठी असते, त्यामुळे कीड नसेपर्यंत लवकर पोहोचते. शेजारच्या दोन दाढा रुंद, सपाट पृष्ठभागाने एकमेकींना चिकटलेल्या असल्याने त्यांच्यामधील कीड वरून दिसत नाही. ती एक्स-रेमध्ये आढळते.

म्हणून शक्य तेथे दाढ वाचविणे श्रेयस्कर. वेळीच भरलेली पोकळी किंवा बसविलेली पोलादी टोपी दाढेची मूळ रुंदी टिकविते. दाढ काढावीच लागली, तर शेजारच्या दाताला कडे आणि तारेचा फास बसवून मोकळी जागा राखता येते. यालाच ‘स्पेस मेंटेनर’ म्हणतात. उपदाढ लवकरच उगवणार असेल, तर त्याची गरज नसते. हे एक्स-रेवरून ठरते. त्यामुळे दाढ काढण्यास संमती देण्यापूर्वीच ‘ही जागा कशी राखणार?’ असे पालकांनी दंतवैद्यांना अवश्य विचारावे.