डोमेन नावांच्या सामाईक नोंदी : नेहमीच्या चुका व घ्यावयाची दक्षता

वर्धा मार्गावरून नागपूरच्या मनीषनगरात शिरण्यासाठी अनेक वर्षे रेल्वे फाटक उघडण्याची वाट पाहावी लागत असे. २०२० साली येथील उड्डाणपूल व रेल्वेखालील मार्ग वाहतुकीस खुले झाले आणि जाण्यायेण्याची वाट बदलली. घरांचे पत्ते मात्र होते तेच राहिले. महाजालावरील डोमेन नावाचे कार्य याच प्रकारचे आहे. शाळेचे अथवा पंचायतीचे संकेतस्थळ आज एका संगणकावर असेल, उद्या दुसऱ्यावर जाईल. नागरिकाने लक्षात ठेवावयाचे नाव बदलता कामा नये. नाव कायम ठेवून त्यामागची वाट दाखविण्याचे काम डोमेनच्या नोंदी करतात. म्हणूनच त्या नोंदींतील एखादी लहानशी चूकही संपूर्ण कार्यालयास जनतेच्या दृष्टीआड करू शकते.

प्रारंभीच्या काळात ही सर्व नोंद एकाच यादीत ठेवली जात असे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ती यादी सांभाळली जाई व इतर सर्व संगणक तिची प्रत उतरवून घेत. संगणकांची संख्या वाढू लागली तसा हा भार एका ठिकाणी पेलवेना. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नोंदींची जबाबदारी शाखाशाखांत वाटून देणारी पद्धत मांडली. तीच आजची डोमेन नाव व्यवस्था होय. भारताची ‘.इन’ ही शाखा १९८९ साली नोंदली गेली. तिचा तांत्रिक कारभार पुढे अनेक वर्षे मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने पाहिला व २००५ पासून तो ‘निक्सी’ या संस्थेकडे आला. २०१४ साली देवनागरीतील ‘.भारत’ ही शाखा सुरू झाली.

सामाईक खाते, सामाईक अडचणी

नोंदवही एकाच्या हाती असते तेव्हा चुका कमी होतात, आणि झाल्या तरी लवकर सापडतात. अडचण उद्भवते ती नोंदवही सामाईक असते तेव्हा. समजा, मनीषनगरातील एका शिक्षणसंस्थेच्या शाळा, महाविद्यालय व वसतिगृह या तिन्ही शाखा एकच डोमेन वापरतात. संकेतस्थळ एका कंत्राटदाराने उभारले आहे, टपालाची व्यवस्था दुसऱ्याकडे आहे, प्रवेश अर्जांची प्रणाली तिसऱ्याकडे. नोंदवहीचा सांकेतिक शब्द तिघांपाशीही आहे. कोणती नोंद कोणी, कधी व कशासाठी केली हे विचारले तर मुख्याध्यापकांना सांगता येत नाही.

ग्रामीण वाचकांस हे चित्र अपरिचित नाही. सातबारावर अनेक खातेदार असले तरी कोणीही उठून उताऱ्यात बदल करीत नाही. आधी फेरफार नोंदविला जातो, त्यास क्रमांक पडतो, संबंधितांना सूचना जाते आणि मगच नोंद प्रमाणित होते. डोमेनच्या नोंदवहीतही असा क्रमांक असतो. तिच्या शिरोभागी असलेला अनुक्रमांक प्रत्येक बदलाबरोबर वाढवावा लागतो. मुख्य सर्व्हरवरील वहीची प्रत ठेवणारे दुय्यम सर्व्हर या क्रमांकावरूनच बदल झाला हे ओळखतात. क्रमांक वाढविण्याचे राहिले तर मुख्य सर्व्हर नवे उत्तर देतो व दुय्यम जुनेच देत राहतात. एकाच कचेरीत एकाला संकेतस्थळ दिसते व शेजारच्याला दिसत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. अनेक आधुनिक प्रणाली हा क्रमांक आपोआप वाढवितात. पण वही हाताने लिहिली जाते तेथे ही चूक अद्याप घडते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी १९१२’ या टिपणात नेहमीच्या चुकांचा परामर्श घेतलेला आहे. त्यातील बहुतेक चुका आजही तशाच होतात, ही खेदाची बाब आहे.

एका टिंबाची किंमत

नोंदवहीत पूर्ण नाव लिहिताना शेवटी टिंब देणे आवश्यक असते. टिंब नसेल तर ते नाव अपुरे समजून प्रणाली त्यापुढे डोमेन आपणहून जोडते. ‘शाळा.उदाहरण.भारत’ असे टिंबाविना लिहिले की त्याचे ‘शाळा.उदाहरण.भारत.उदाहरण.भारत’ होते, आणि असे नाव जगात कोठेच नसते. १२ ऑक्टोबर २००९ रोजी स्वीडन देशाच्या ‘.एसई’ या शाखेची वही तयार करणाऱ्या आज्ञावलीतून हे शेवटचे टिंब सुटले. परिणामी त्या देशातील लक्षावधी नावे काही काळ निरुपयोगी झाली. चूक लवकरच दुरुस्त झाली. परंतु मधल्या काळात इतरत्र साठविली गेलेली चुकीची उत्तरे नाहीशी होण्यास अधिक वेळ लागला. कंत्राटदारांच्या संकेतस्थळावरील तयार रकान्यांत याच्या उलट चूक होते. तेथे नावाचा केवळ पहिला भाग अपेक्षित असता पूर्ण नाव लिहिले जाते आणि डोमेन दोनदा लागते.

साठविलेली उत्तरे हा विषयही नीट समजून घेणे अगत्याचे आहे. प्रत्येक नोंदीस सेकंदांत मोजलेली मुदत असते. ८६,४०० सेकंद म्हणजे एक दिवस. ती संपेपर्यंत इतर सर्व्हर जुनेच उत्तर देऊ शकतात. संकेतस्थळ दुसरीकडे हलवावयाचे असेल तर निदान पूर्ण जुनी मुदत आधी ती ३०० सेकंदांवर आणावी, मग स्थलांतर करावे व सर्व काही सुरळीत चालल्यावर पूर्ववत करावी. निकालाच्या दिवशी सकाळी सर्व्हर बदलून दुपारी मुदत कमी करण्यात काहीच अर्थ नाही.

टपालाच्या नोंदी

सामाईक डोमेनमध्ये सर्वाधिक नुकसान बहुधा टपालाच्या नोंदींत होते, आणि ते उशिरा ध्यानात येते. कारण न आलेले पत्र कोणास दिसत नाही. डोमेनच्या नावाने पत्रे पाठविण्याचा अधिकार कोणत्या संगणकांस आहे हे ‘एसपीएफ’ नोंद जाहीर करते. नियमानुसार एका नावास अशी एकच नोंद असावी लागते. पहिल्या कंत्राटदाराची नोंद तशीच ठेवून दुसऱ्याने आपली स्वतंत्र नोंद टाकली की दोन्ही व्यर्थ ठरतात. पत्र स्वीकारणारी प्रणाली त्यास कायमची त्रुटी मानते आणि शाळेची खरी पत्रेही संशयास्पद ठरू शकतात. दोन्ही अनुमती एकाच नोंदीत एकत्र करणे हाच त्यावर उपाय होय. शिवाय ही नोंद तपासताना दहापेक्षा अधिक उपनोंदी शोधाव्या लागल्या तरीही ती बाद होते. म्हणून सोडून दिलेल्या सेवांची नावे त्यातून वेळीच काढावीत.

येणाऱ्या टपालाची दिशा ‘एमएक्स’ नोंद दाखविते. तिच्यात संगणकाचा अंकी पत्ता लिहू नये, नाव लिहावे. आणि ते नाव ‘सीनेम’, म्हणजे दुसऱ्या नावाकडे बोट दाखविणारे टोपणनाव, नसावे. ज्या नावास ‘सीनेम’ दिले त्यास टपालाची वा अन्य सामान्य नोंद देता येत नाही. डोमेनच्या मूळ नावास ते देता येत नाही, याचेही कारण हेच.

पोटहिस्सा

एकाच वहीत सर्वांनी लिहिण्यापेक्षा मोठ्या संस्थेने शाखांना पोटहिस्से तोडून देणे पुष्कळदा श्रेयस्कर ठरते. ‘वसतिगृह’ या उपनावाची वही स्वतंत्र सर्व्हरकडे सोपविता येते. मात्र मूळ वहीतील सर्व्हरांची यादी व पोटहिश्शाच्या वहीतील यादी जुळली पाहिजे. सर्व्हर बदलला पण मूळ वहीस कळविले नाही, तर पाहुण्यास बंद घराकडे पाठविल्यासारखे होते. सर्व सर्व्हर एकाच जागी ठेवणेही धोक्याचे आहे. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्ट या बलाढ्य कंपनीचे नाव सांगणारे चारही सर्व्हर एकाच जाळ्यावर होते. तेथील मार्गदर्शक यंत्रात झालेल्या एका बदलाने तिची संकेतस्थळे जवळजवळ एक दिवस दिसेनाशी झाली.

यंत्राच्या हाती वही दिली म्हणजे हा प्रश्न सुटतो, असेही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीच्या दिवसांत, अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील ॲमेझॉनच्या केंद्रातून चालणाऱ्या असंख्य सेवा कोलमडल्या. एकाच नोंदीवर काम करणाऱ्या दोन स्वयंचलित प्रक्रियांपैकी मागे पडलेल्या एकीने जुनी योजना नव्यावर लिहिली. दुसरीने ती कालबाह्य समजून पुसली. नोंद रिकामी राहिली. एका सामाईक खात्यावर दोघांनी एकमेकांस न विचारता केलेला हा फेरफारच म्हणावा लागेल.

सोडून दिलेल्या नोंदी

नवी नोंद करण्याची घाई सर्वांना असते, जुनी काढण्याची कोणालाच नसते. एखाद्या शिबिरासाठी वा भरतीसाठी उपनाव घेतले जाते आणि ते बाहेरच्या सेवेकडे वळविले जाते. काम संपल्यावर सेवा बंद होते, नोंद मात्र राहते. मग कोणीही परका त्या सेवेत तीच जागा मिळवू शकतो व संस्थेच्या पाटीखाली आपले दुकान थाटू शकतो. नागरिक नावावर विश्वास ठेवून तेथे आपला दूरध्वनी क्रमांक, आधार क्रमांक वा पैसेही देऊन बसतो. याकरिता नोंदवहीसोबत एक साधा तक्ता ठेवावा : नोंद कोणती, कोणी मागितली, दिनांक, प्रयोजन व ती केव्हा काढावयाची. सेवेचे कंत्राट संपविताना आधी नोंद काढावी व नंतर सेवा सोडावी, हा क्रम कटाक्षाने पाळावा.

डोमेनचे नाव कंत्राटदाराच्या नावावर नोंदलेले असणे हा तर याहून गंभीर दोष आहे. शासकीय संस्थांसाठी ‘जीओव्ही.इन’ ही शाखा असून तिची नोंदणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र करते. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने ‘बँक.इन’ ही स्वतंत्र शाखा ठरवून दिली आणि तीत स्थलांतर करण्यास ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली. ज्या पंचायती व शाळा खाजगी नावे वापरतात, त्यांनी नोंदणी संस्थेच्याच नावे आहे ना व नूतनीकरणाचा दिनांक कोणता, हे आजच पाहून घ्यावे. नूतनीकरणाची सूचना ज्या ई-टपाल पत्त्यावर येते तो पत्ता त्याच डोमेनचा नसावा. नाव बंद पडले की टपालही बंद पडते आणि शेवटची स्मरणपत्रे कोणाच्याच हाती पडत नाहीत.