इंग्रजी क्रियापदे व वाक्प्रचार यांचे फ्रेंच भाषांतर

इंग्रजीतील नेहमीच्या वापरातील क्रियापदे आणि वाक्प्रचार फ्रेंच भाषेत आणणे हा भाषांतरशास्त्रातील व फ्रेंच अध्यापनातील एक महत्त्वाचा विषय आहे. या दोन भाषांचा शब्दसंग्रह मोठ्या प्रमाणात समाईक आहे. तरीही एका इंग्रजी क्रियापदासाठी फ्रेंचमध्ये अनेक क्रियापदे लागणे, वाक्यातील कर्ता व कर्म यांची अदलाबदल होणे, तसेच सारख्या दिसणाऱ्या शब्दांचे अर्थ वेगळे असणे या कारणांमुळे शब्दशः भाषांतर वारंवार फसते. या लेखातील फ्रेंच शब्दांचे देवनागरी लेखन उच्चाराच्या जवळ जाणारे, परंतु स्थूल आहे.

## पार्श्वभूमी

इ.स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर तेथील दरबार, न्यायालये व उच्च वर्गात अनेक पिढ्या फ्रेंचची नॉर्मन बोली वापरात होती. त्या काळात आणि त्यानंतरही हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत आले. पुढे दोन्ही भाषांत या शब्दांचे अर्थ स्वतंत्रपणे बदलत गेले. दैनंदिन क्रियांचे शब्द मात्र इंग्रजीत बहुतांशी मूळ जर्मानिक वंशाचेच राहिले. 'गेट', 'गो', 'टेक', 'मेक', 'रन' ही अशी क्रियापदे होत. ती आखूड व अनेकार्थी असून 'अप', 'आउट', 'ऑफ' अशा लहान शब्दांच्या जोडीने नवे अर्थ धारण करतात. फ्रेंचमध्ये अशी सोय फारशी नसल्याने तेथे प्रत्येक अर्थासाठी बहुधा वेगळे क्रियापद योजावे लागते.

## एका क्रियापदाचे अनेक पर्याय

'गेट' या क्रियापदाला फ्रेंचमध्ये एकच प्रतिशब्द नाही. पत्र मिळणे या अर्थी 'रसव्वार', पोहोचणे या अर्थी 'आरिव्हे', समजणे या अर्थी 'काँप्राँद्र' आणि जाऊन आणणे या अर्थी 'आले शेर्शे' असे पर्याय वापरले जातात. स्थितीतील बदल दाखवण्यासाठी फ्रेंचमध्ये पुष्कळदा स्वतंत्र क्रियापद असते. म्हातारे होणे म्हणजे 'व्हिएयीर', लठ्ठ होणे म्हणजे 'ग्रोसीर', तर लाल होणे किंवा लाजेने लाल पडणे म्हणजे 'रूजीर'.

'नो' या क्रियापदासाठी 'साव्वार' व 'कॉनेत्र' असे दोन पर्याय आहेत. एखादी गोष्ट माहीत असणे किंवा एखादी क्रिया येणे यासाठी 'साव्वार', तर व्यक्ती, गाव वा कलाकृती परिचयाची असणे यासाठी 'कॉनेत्र' वापरतात. 'ती कोठे राहते हे मला माहीत आहे' अशा गौणवाक्य असलेल्या रचनेत 'साव्वार'च चालते. शिकून आत्मसात केलेले कौशल्य इंग्रजी 'कॅन' या साहाय्यक क्रियापदाने व्यक्त करते. फ्रेंचमध्ये तेथेही 'साव्वार' येते. 'मला पोहता येते' हे वाक्य 'ज से नाजे' असे होते. त्याऐवजी 'पुव्वार' वापरल्यास 'मी पोहू शकतो, सध्या तशी मुभा किंवा परिस्थिती आहे' असा अर्थ निघतो.

'लीव्ह' या क्रियापदाचे चार प्रमुख पर्याय आहेत:

- पार्तीर : निघणे. याला थेट कर्म लागत नाही.
- कीते : एखादी व्यक्ती किंवा जागा सोडणे. याला सामान्यतः कर्म लागतेच.
- लेसे : वस्तू मागे ठेवणे किंवा राहू देणे.
- सॉर्तीर : आतून बाहेर पडणे.

'रिटर्न' या क्रियापदाचीही अशीच विभागणी होते. बोलणारा जेथे आहे तेथे परत येणे म्हणजे 'रव्हनीर', दुसऱ्या ठिकाणी पुन्हा जाणे म्हणजे 'रतूर्ने', घरी परतणे म्हणजे 'राँत्रे' आणि वस्तू परत करणे म्हणजे 'राँद्र'. 'ब्रिंग' व 'टेक' या जोडीच्या बाबतीत प्रमाण फ्रेंच आणखी एक भेद पाळते. वस्तू आणणे 'आपॉर्ते' व व्यक्तीला आणणे 'आमने'; वस्तू नेणे 'आँपॉर्ते' व व्यक्तीला नेणे 'आँमने'. बोलीभाषेत मात्र हा भेद अनेकदा पुसला जातो.

## वाक्यरचनेतील उलटापालट

इंग्रजीत भूक, तहान, थंडी व वय 'बी' या क्रियापदाने सांगतात. फ्रेंचमध्ये यासाठी 'आव्वार', म्हणजे 'जवळ असणे', हे क्रियापद लागते. 'मी २० वर्षांचा आहे' हे फ्रेंचमध्ये 'मजजवळ २० वर्षे आहेत' अशा घडणीचे वाक्य होते. हवामानासाठी 'फेर' (करणे) हे क्रियापद वापरले जाते.

'मिस' या क्रियापदाचे भाषांतर विशेष फसवे आहे. एखाद्याची उणीव भासणे या अर्थी फ्रेंचमध्ये 'माँके' वापरतात. परंतु ज्याची उणीव भासते ती व्यक्ती येथे कर्ता होते. 'मला तुझी आठवण येते' याचे फ्रेंच रूप 'त्यू म माँक' असे आहे. इंग्रजीचा क्रम तसाच ठेवून 'ज त माँक' म्हटल्यास 'तुला माझी उणीव भासते' असा नेमका उलटा अर्थ होतो. 'प्लेर' (आवडणे) या क्रियापदाची घडणही अशीच असून ती मराठीतील 'हे मला आवडते' या रचनेशी जुळते.

गतीच्या वर्णनात दोन्ही भाषांचा कल वेगळा आहे. इंग्रजी क्रियापद गतीची रीत सांगते आणि दिशा लहान शब्दावर सोपवते. फ्रेंच क्रियापद दिशा सांगते आणि रीत क्रियाविशेषणात्मक जोडशब्दांनी दाखवते. नदी पोहून ओलांडण्याच्या इंग्रजी वाक्यात 'पोहणे' हे मुख्य क्रियापद असते. फ्रेंचमध्ये 'इल आ त्राव्हेर्से ला रिव्हियेर आ ला नाज' असे म्हणताना 'ओलांडणे' हे मुख्य क्रियापद होते. भाषावैज्ञानिक लिओनार्ड टाल्मी यांनी जगातील भाषांचे या निकषावर वर्गीकरण केले आहे. 'त्याने नदी पोहून पार केली' ही मराठी रचना या बाबतीत इंग्रजीपेक्षा फ्रेंचला जवळची आहे.

काळाच्या वापरातही असे साम्य दिसते. भूतकाळात सुरू होऊन अद्याप चालू असलेल्या क्रियेसाठी इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळ वापरते. फ्रेंच मात्र 'दप्वी' (पासून) या शब्दासह साधा वर्तमानकाळ योजते, जसे मराठीत 'मी तीन वर्षांपासून येथे राहतो' असे म्हणतात. त्यामुळे इंग्रजीच्या माध्यमातून फ्रेंच शिकणाऱ्या मराठी भाषकाला अशा ठिकाणी मराठी रचना आठवणे अधिक उपयोगी पडते.

## फसवे मित्र

दोन भाषांत सारख्या दिसणाऱ्या पण भिन्नार्थी शब्दांना फ्रेंचमध्ये 'फोझामी', म्हणजे 'खोटे मित्र', असे म्हणतात. मॅक्सीम केस्लेर व ज्यूल दरोकिन्यी यांच्या १९२८ मधील ग्रंथाने ही संज्ञा रूढ केली. क्रियापदांतील काही उदाहरणे पुढीलप्रमाणे:

| फ्रेंच क्रियापद | सारखा दिसणारा इंग्रजी शब्द व त्याचा अर्थ | फ्रेंचमधील अर्थ |
|---|---|---|
| दमाँदे | डिमांड : आग्रहाने मागणी करणे | विचारणे, विनंती करणे |
| आताँद्र | अटेंड : उपस्थित राहणे | वाट पाहणे |
| आसिस्ते आ | असिस्ट : साहाय्य करणे | उपस्थित राहणे |
| रेस्ते | रेस्ट : विश्रांती घेणे | राहणे, थांबणे |
| प्रेताँद्र | प्रिटेंड : सोंग करणे | दावा करणे |

काही शब्दांच्या बाबतीत इंग्रजीचा अर्थ फ्रेंचमध्ये शिरलाही आहे. 'रेआलीझे' याचा जुना अर्थ 'प्रत्यक्षात आणणे' असा आहे. 'लक्षात येणे' हा इंग्रजी वळणाचा अर्थ शुद्धतावाद्यांनी दीर्घकाळ नाकारला, तरी तो आज सर्रास वापरला जातो.

## वाक्प्रचार

वाक्प्रचाराचा अर्थ त्यातील शब्दांच्या बेरजेतून मिळत नाही. म्हणून शब्द बाजूला ठेवून त्याच प्रसंगी फ्रेंच भाषक काय म्हणतो हे शोधावे लागते.

| इंग्रजीतील प्रतिमा | फ्रेंचमधील प्रतिमा | अर्थ |
|---|---|---|
| मांजरे व कुत्री बरसणे | दोरखंड बरसणे | मुसळधार पाऊस पडणे |
| डुकरे उडतील तेव्हा | कोंबड्यांना दात येतील तेव्हा | कधीच नाही |
| घशात बेडूक असणे | घशात मांजर असणे | आवाज घोगरा होणे |
| हात व पाय किंमत पडणे | डोक्यातील डोळे किंमत पडणे | अतिशय महाग असणे |
| बादलीला लाथ मारणे | आपली चिलीम फोडणे | मरणे (अनौपचारिक) |

निरोप न घेता निघून जाण्याला इंग्रजीत 'फ्रेंच पद्धतीची रजा' म्हणतात, तर फ्रेंचमध्ये 'इंग्रजी पद्धतीने सटकणे' असे म्हणतात. प्रतिमेइतकाच भाषेचा स्तरही महत्त्वाचा असतो. चिलीम फोडण्याचा वाक्प्रचार शोकसंदेशात वापरणे अनुचित ठरेल.

## भाषांतराच्या पद्धती

झाँ-पॉल व्हिने व झाँ दार्बेलने यांनी १९५८ मध्ये फ्रेंच व इंग्रजीच्या तौलनिक शैलीविचारावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी सात पद्धती मांडल्या: उसनवारी, प्रतिरूप, शब्दशः भाषांतर, शब्दजातीतील बदल, दृष्टिकोनातील बदल, समतुल्यता आणि अनुकूलन. यांपैकी पहिल्या तीन थेट, तर उरलेल्या चार अप्रत्यक्ष पद्धती मानल्या जातात. ग्रंथाच्या प्रस्तावनेत कॅनडातील रस्त्यांवरील फलकांची चर्चा आहे. वाहन हळू चालवण्याच्या इंग्रजी सूचनेचे 'लाँतमाँ' (हळू) असे भाषांतर तेथे केले होते. फ्रान्समध्ये त्या जागी 'रालाँतीर' (वेग कमी करणे) हे क्रियापद लिहितात.

## कॅनडातील कायदेशीर महत्त्व

कॅनडात १९६९ च्या अधिकृत भाषा अधिनियमाने इंग्रजी व फ्रेंच या संघराज्याच्या अधिकृत भाषा ठरवल्या. १९८२ च्या घटना अधिनियमाचे दोन्ही भाषांतील पाठ समान अधिकृत आहेत. त्यामुळे क्रियापदाच्या निवडीतील फरक न्यायालयात निर्णायक ठरू शकतो.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये निकालात काढलेला कॉलिन्स खटला. मूलभूत हक्कांचा भंग करून मिळवलेला पुरावा केव्हा वगळावा, हे हक्कांच्या सनदेतील कलम २४(२) सांगते. पुरावा स्वीकारल्याने न्यायव्यवस्थेची अप्रतिष्ठा 'होईल', असा इंग्रजी पाठाचा अर्थ होता. फ्रेंच पाठातील 'ए स्युसेप्तीब्ल द' या रचनेचा अर्थ मात्र अप्रतिष्ठा 'होण्याजोगी आहे', म्हणजे 'होऊ शकते', असा होता. न्यायमूर्ती अँटोनियो लामेर यांनी फ्रेंच पाठ आरोपीवर कमी भार टाकणारा असल्याचे नमूद करून त्यानुसार कलमाचा अर्थ लावला. आरोपीच्या न्याय्य सुनावणीच्या हक्काचे रक्षण करण्याच्या हेतूशी तो अधिक सुसंगत असल्याचे त्यांनी मानले.

क्यूबेक प्रांतात १९७७ पासून फ्रेंच भाषेची सनद लागू असून इंग्रजी वळणाच्या शब्दप्रयोगांवर तेथे सतत चर्चा होते. प्रेमात पडणे या अर्थी तेथे प्रचलित असलेली 'ताँबे आँनामूर' ही रचना इंग्रजीचे प्रतिरूप मानली जाते. फ्रान्समध्ये 'ताँबे आमूरे' म्हणतात. उलट शनिवार-रविवारच्या सुटीसाठी फ्रान्सने इंग्रजी 'वीकएंड' स्वीकारला आहे, तर क्यूबेकमध्ये 'फँ द समेन' हा फ्रेंच शब्द टिकून आहे.