हार्ड डिस्कची वांटणी

वांटणी हा शब्द आपल्या घरांत कोणास रुचत नाहीं. तरी आज एका वांटणीविषयींच बोलावयाचें आहे. ती घरादाराची नव्हे, संगणकांतील हार्ड डिस्कची.

डिस्क एकच असली तरी तिचे कप्पे पाडतां येतात, आणि संगणक त्यांस ‘सी’, ‘डी’ अशीं नांवें देऊन निरनिराळ्या डिस्क असल्याप्रमाणें वागवितो. विंडोज ९५ च्या पहिल्या आवृत्तीस २ गिगाबाइटांहून मोठा कप्पा हाताळतां येत नसे. तेव्हां मोठ्या डिस्कचे कप्पे पाडणें भागच होतें. आज ती सक्ती उरली नाहीं. मग वांटणी करावी काय?

तिचा लाभ खरा आहे. विंडोज बिघडून नव्यानें बसवावें लागलें, तर ‘सी’ तेवढा पुसून ‘डी’मधील कागदपत्रें जागच्या जागीं ठेवितां येतात. परंतु भिंत चुकीच्या जागीं पडली कीं ‘सी’ तुडुंब भरतो आणि ‘डी’ रिकामा राहतो. विंडोज ११ ला किमान ६४ गिगाबाइट जागा लागते; शिवाय इतर कार्यक्रम आहेतच. म्हणून २५६ गिगाबाइटांची डिस्क अखंड ठेवावी व आंत फोल्डर करावे, हें बरें. १००० गिगाबाइटांची असल्यास ‘सी’स २५० द्यावे.

एक भ्रम मात्र टाळावा. माझी पत्नी निवर्तल्यावर तिचीं छायाचित्रें मीं ‘सी’मध्यें ठेविलीं, आणि जपून राहावीं म्हणून त्यांची दुसरी प्रत ‘डी’मध्यें उतरवून निश्चिंत झालों. एके सकाळीं डिस्कच बंद पडली. दोन्ही प्रती एकदम गेल्या. मुलीच्या फोनमध्यें होतीं तीं अकरा छायाचित्रें उरलीं. भिंत घातल्यानें खोल्या दोन होतात, छप्पर एकच राहतें.

म्हणून प्रथम सर्व कांहीं निराळ्या, बाहेरच्या डिस्कवर उतरून घ्यावें, आणि तें तेथें उघडतें कीं नाहीं हें पाहावें. मगच विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून ‘श्रिंक व्हॉल्यूम’नें ‘सी’ आंखडावा व मोकळ्या जागेंत नवा कप्पा करावा. तेथें दिसणारे लहान, बिननांवाचे कप्पे संगणक सुरू होण्यास वा दुरुस्तीस लागतात. त्यांस हात लावूं नये.

वांटणी सोयीसाठीं करावी; सुरक्षिततेसाठीं दुसरी डिस्कच हवी.