ई-टपालातील अनाहूत पाहुणे

रायपूरच्या तात्यापारा किंवा चौबे कॉलनीतील मराठी घरांत एके काळी पोस्टमनची वाट पाहिली जाई. आता बाहेरगावी नोकरीस गेलेल्या मुलांचे पत्र असो वा बँकेचे खाते-विवरण, ते बहुधा ई-मेलनेच येते. मात्र त्याच टपालपेटीत सवलती, कर्जे आणि बक्षिसे देऊ करणारी अनाहूत पत्रेही दाटीवाटीने येऊन बसतात. या गर्दीत केवळ वेळ वाया जातो असे नाही. मुदत ठेवीची मुदत संपत असल्याची सूचना तिच्यात हरवते आणि बँकेच्या नावाचे बनावट पत्र तिच्यातच खपून जाते.

हा उपद्रव जुना आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील ‘डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन’ या संगणक कंपनीच्या विपणन अधिकाऱ्याने सुमारे ४०० जणांना एकाच वेळी जाहिरात धाडली. तेच पहिले अनाहूत ई-पत्र मानले जाते. अशी पत्रे पाठविण्यास खर्च नगण्य असल्याने लाखांतून मोजक्यांनी प्रतिसाद दिला तरी पाठविणाऱ्याचे भागते.

उपाय योजताना प्रथम स्वतःस विचारावे, की हे पत्र आपण मागविले होते काय? पंडरीच्या कापड बाजारात बिल करताना पत्ता दिला असेल, तर त्या दुकानाच्या पत्रातील ‘अनसबस्क्राइब’ हा पर्याय निवडावा. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्या जाहिरातदारांना ही सोय एका क्लिकवर देणे जीमेलने २०२४ पासून बंधनकारक केले आहे.

प्रेषक अनोळखी असल्यास मात्र हा पर्याय टाळावा, उत्तरही देऊ नये. त्यातून आपला पत्ता वापरात असल्याची खात्रीच त्याला मिळते. अशा पत्रावर ‘रिपोर्ट स्पॅम’ची खूण करावी, म्हणजे तशी पत्रे पुढे आपोआप वेगळी पडू लागतात. आठवड्यातून एकदा स्पॅमचा कप्पाही चाळावा. जीमेलमध्ये तेथील पत्रे ३० दिवसांनी नष्ट होतात आणि क्वचित खरे पत्रही तेथे जाऊन पडते.

सर्वांत उपयुक्त उपाय म्हणजे दोन पत्ते ठेवणे. एक केवळ बँक, आयकर आणि विमा यांच्यासाठी, दुसरा खरेदी व इतर नोंदणीसाठी. खरेदीच्या पत्त्यावर ‘बँकेचे’ पत्र आले, की ते बनावट असल्याचे चटकन ध्यानात येते.

बँकांची संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या अक्षरांनी संपणाऱ्या पत्त्यावर आणण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. तरीही पत्रातील दुव्यावर विसंबू नये. बँकेचा पत्ता स्वतः टंकित करावा. पिन वा ओटीपी मागणारे पत्र बँकेचे नसतेच. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे आणि आपल्या शाखेसही सूचित करावे.

घराचे दार आपण पाहुणा ओळखूनच उघडतो. टपालपेटीलाही तोच नियम लावला, तर आपली ठेव आणि आपला निवांतपणा दोन्ही सुरक्षित राहतील.